तक्क्यातला कापूस आणि माझा आवाज

मी माठ बोलतोय. हसू नका. माठ म्हटलं की तुम्हाला मठ्ठ माणूस आठवतो, हे मला ठाऊक आहे. पण मी गाणारा माठ आहे.

माझा जन्म धुळ्याचा. चुडामण कुंभाराने मला चाकावर घडवलं, थापटून गोल केलं. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात द्रौपदाबाई माहेरी आल्या होत्या. त्यांनी अकरा माठ बोटाच्या पेराने वाजवून पाहिले आणि मला उचललं. एसटीत मांडीवर बसून मी जळगावला, मेहरूणमधल्या त्यांच्या घरी आलो.

पाणी गार करायचं माझ्या नशिबी नव्हतं. त्यांचे यजमान पितांबर वायरमन होते आणि त्यांना आवाजाचं भारी वेड. माठात स्पीकर बसवला की आवाज भरीव येतो, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. तिसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या पोटाला वायरीपुरतं भोक पाडलं आणि तोंडावर आठ इंची स्पीकर बसवला.

द्रौपदाबाई रागावल्या की अहिराणीत बोलत. "हाई काय शे? मना माठ वाया गया ना!"

"अगं, रविवारी लालचंदशेठकडे आवाजाचे सगळे शौकीन आपापली करामत घेऊन येणार आहेत. तिथे बघ तरी."

"आणि नाही वाजला, तर तुमचं ते सोल्डरिंगचं सामान भंगारात. कबूल?"

"कबूल," पितांबर म्हणाले. त्यांचा हात माझ्या काठावर होता.

लालचंदशेठ कापडाचे व्यापारी. त्यांच्याकडे परदेशी कॅसेट डेक होता आणि त्याला त्यांनी बोटाएवढी जाड तांब्याची वायर जोडली होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करणारे वाल्मीकभाऊ स्पीकरची सागवानी खोकी घेऊन आले होते, ती थरथरू नयेत म्हणून खाली पितळी नट लावून. कॅसेट सगळ्यांना एकच, ढोलकी आणि एका बाईचा आवाज. दोघांचं ऐकून झालं, "वा, वा" झालं. मग माझी पाळी.

ढोलकीवर थाप पडली आणि माझ्या पोटातून नुसतं घुंऽऽ घुंऽऽ!

"पितांबरभाऊ, विहिरीत म्हैस पडली का?" वाल्मीकभाऊ हसून लोळले.

मग सगळेच माझ्यामागे लागले. पोटात वाळू ओतली, खाली विटा ठेवल्या, कोपऱ्यात सरकवलं. घुंकार वाढतच गेला. शेवटी पितांबर वायर गुंडाळू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अंगणात द्रौपदाबाई लालचंदशेठच्या आईबरोबर, भंवरीबाईंबरोबर, पापड लाटत होत्या. त्या पदराला हात पुसत दारात आल्या. मला एक टिचकी मारली आणि मान कलती करून ऐकलं.

"वाळू काढा आधी. आत काहीतरी मऊ पाहिजे."

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, बैठकीवरचा तक्का उचलला, दाताने शिवण तोडली आणि मूठभर कापूस उपसला.

"अहो वहिनी, माझा तक्का!" लालचंदशेठ ओरडले.

अंगणातून भंवरीबाई म्हणाल्या, "घेऊ दे रे लाला! नाहीतरी दुपारभर त्यावर घोरतोसच ना?"

द्रौपदाबाईंनी स्पीकर काढायला लावला, कापूस आत भरला, वाजवून ऐकलं आणि निम्मा परत काढला. "हं. इतकाच."

स्पीकर परत बसला आणि कॅसेट पुन्हा लागली. या वेळी ढोलकीचं ताणलेलं कातडं ऐकू आलं, त्यावरची बोटं ऐकू आली. आणि ओळ सुरू करण्याआधी त्या गाणाऱ्या बाईने घेतलेला श्वास! तो आधी कुणीच ऐकला नव्हता.

"परत लावा," वाल्मीकभाऊ हळूच म्हणाले.

पितांबर बायकोकडं बघत होते. "तुला कसं कळलं?"

"कळलं कुठं? कानाला जाच होत होता, तो थांबवला. चला, माझे पापड वाळतायत."

पुढच्या खेपेला त्या धुळ्याहून माझ्या आवाजाशी जुळणारा दुसरा माठ घेऊन आल्या आणि आमची जोडी झाली. दर रविवारच्या बैठकीत मधली खुर्ची त्यांची ठरली.

याला आता तेरा वर्षं झाली. माझा काठ एका ठिकाणी टवकलाय, अंगावरचा रंग उडालाय. आज लालचंदशेठ नवा सीडी प्लेअर घेऊन आलेत. आता माठबिठ लागणार नाही, असं म्हणतायत, पण त्याची वायर आलीय ती माझ्याच पोटात. बघू या.

तुमच्याही घरी अशी मंडळी जमत असतील, तर माझी एवढीच विनंती आहे. पापड लाटणाऱ्यांनाही आत बोलवा आणि खुर्ची द्या.

चला, शेठनी चकती आत सरकवली. द्रौपदाबाईंनी बोट वर केलं. वाल्मीकभाऊ, तुम्हीसुद्धा गप्प बसा. आता मला गायचंय.