परतीचं परतीला

यांच्या दाढीबद्दल बोलणं मी पावसाळ्यातच सोडलं. दमले बोलून. आमचे हे, श्याम, एसटीत होते. रत्नागिरी स्टँडवर 'राजापूरकडे जाणारी गाडी' असा जो भारदस्त आवाज यायचा, तो यांचा. निवृत्त झाले आणि 'काळपुळण' नावाच्या मालिकेत दाढीवाल्या नावाड्याचं काम मिळालं. मालिका अशी, की धुक्यातून होडी पलीकडे गेली की माणूस भलत्याच सालात उतरतो. यांनी तीन भाग वल्ही मारली, चौथ्यात धुक्यात शिरले आणि परत काही आले नाहीत.

जाताना नायिकेला म्हणायचं होतं, "सांभाळून राहा, पोरी." ऐनवेळी वाक्य विसरले आणि तोंडातून निघालं, "परतीचं परतीला बघू." यांच्या लहानपणी दाभोळच्या खाडीतला नावाडी उतारूंना भाड्याबद्दल हेच सांगायचा. उजेड जात होता म्हणून दिग्दर्शकाने चालवून घेतलं.

झालं! प्रेक्षकांनी त्यावर इमले बांधले. बँकेतली राही म्हणजे मालिकेच्या व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिन. तिचं म्हणणं, काका 'परत' दोनदा म्हणाले, म्हणजे नावाडी दोनदा येणार. मुंबईच्या कुणा वेदने शोधून काढलं, की बोलताना काकांनी वल्हं डाव्या हातात घेतलं, त्या अर्थी ते भविष्यातून आलेत. अहो, खांदा दुखत होता त्यांचा! घरी आल्यावर मीच शेकला. मिरकरवाड्यात बांगडे घ्यायला गेले तर गंगुबाई बांगडे निवडायचे सोडून विचारते, "वयनी, नावाडी कंदी येनार ओ परत?"

मी हसायचे. हे हसत नव्हते, त्याचीच मला भीती वाटायची.

"अहो, तुम्ही विसरलात म्हणून बोललात ना ते?"

"विसरलो खरा. पण लेखकाला आवडलं असलं तर? उद्या बोलावतील गो, आणि दाढी नसली तर काय सांगू?"

म्हणून दाढी. ऑक्टोबरच्या उकाड्यात मान खाजवत बसायचे, पण कात्री लावू देत नव्हते. त्यातच गावातल्या नाटकमंडळीतला ओमकार आला. राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटक बसवत होता आणि त्यातला मेजर त्याला यांच्याकडून करून घ्यायचा होता. मुख्य भूमिका! जन्मभर यांनी हौशी नाटकांत रामा गडी, पोलीस आणि तिसरा गावकरी केला. "फक्त दाढी काढा काका, दाढीवाला मेजर नाय चालायचा," ओमकार म्हणाला. यांनी भूमिका सोडली. त्या दिवशी मी मोरीत नळ सोडून रडले. एका विसरलेल्या वाक्यापायी माणसाने हातातला घास टाकावा?

आणि मग फोन आला. मालिकेच्या ऑफिसातून. यांनी स्पीकर लावला, मला हातानेच जवळ बोलावलं. मी कणकेचे हात तसेच घेऊन धावले. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी राही मला देवासारखी वाटली.

"काका, पुढच्या आठवड्यात नावाड्याचा फोटो भिंतीवर दाखवायचाय," तिकडची मुलगी म्हणाली. "हार घालून. काही कलाकारांना ते चालत नाही, म्हणून विचारून घेतलं. तुमची हरकत नाही ना?"

जिवंत माणसाच्या फोटोला हार! मी हाताने जोरजोरात नाही नाही केलं. कणीक उडाली फरशीवर.

"हरकत नाही," हे म्हणाले. अगदी स्टँडवरच्या आवाजात. मग विचारलं, "शूटिंगला केव्हा येऊ?"

"नाही हो काका, फोटोवर भागेल."

भरवशाच्या म्हशीला टोणगा. फोन ठेवून हे पडवीत जाऊन बसले. मी चहा नेऊन ठेवला, तो तसाच निवला.

सकाळी दाढी काढली. खालची कातडी पांढरी पडली होती. तडक ओमकारकडे गेले. मेजर दुसऱ्याला गेला होता. ओमकारने संकोचत पडद्याआडून वाक्यं सांगायचं काम पुढे केलं, तेवढंच उरलं होतं. हे हो म्हणाले.

तो भाग लागला तेव्हा हे माझ्या शेजारीच बसले होते, मांडीवर नाटकाचे कागद, हातात पेन्सिल. भिंतीवर फोटो आला, फोटोला झेंडूचा हार. नायिकेने हात जोडले. इतके दिवस उतू जाणारा ग्रुप गप्प झाला.

मला ते सहन होईना. इतके दिवस ज्यांना वेडे म्हटलं, त्यांच्यासारखीच मी मोबाईलवर तोच भाग लावून तो प्रसंग मागे घेतला, थांबवला, बोटांनी मोठा केला. पुन्हा मागे घेतला.

"अहो, बघा! फोटोपुढे दिवा नाही. गेलेल्या माणसाच्या फोटोपुढे दिवा लावतातच. म्हणजे नावाडी गेलेला नाही. मुद्दाम केलंय त्यांनी!"

यांनी मान वर केली. चष्म्यातून आधी माझ्याकडे पाहिलं, मग मोबाईलकडे.

"ठेवायला विसरला असेल गो कोणीतरी," ते म्हणाले. "माणूस विसरतो." आणि मेजरच्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली.

मी तरीही राहीला मेसेज पाठवला, दिवा नव्हता म्हणून.