नाळेकडची सात हात शिवण

पत्र विनीताने दोनदा वाचून दाखवलं. दोन्ही वेळा शेवंतीच्या कानात एकच ओळ राहिली: काथ्याने शिवलेली, साठ वर्षांहून जुनी रांपणीची होडी देवबागच्या एका मांगरात सापडली आहे.

सापडली म्हणे. हरवली कधी होती? तिच्या माहेरच्या गावातल्या फॉस्टिनच्या मांगरात, म्हणजे शेतातल्या कोठारात, भाताच्या कोंड्याच्या पोत्यांमागे ती होडी पालथी पडली होती, हे शेवंतीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. फक्त तिकडे जायला तिचे पाय कधी धजावले नव्हते.

मालवणात डिसेंबरात उत्सव होणार होता. जेटीपासून रॉकगार्डनपर्यंतच्या रस्त्यावर बारा शिल्पं, नाव ‘आरमाराची वाट’. त्यातलं नववं शिल्प ही होडी. ती बांधणारे धाकू मेस्त यांची कन्या म्हणून श्रीमती शेवंतीबाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. विनीता, तिची सून, हरखून गेली. तिने लगेच नवऱ्याला फोन लावला, मग माहेरी लावला. शेवंती ओसरीवर पाय पसरून बसली होती, तशीच बसून राहिली. पंचाहत्तर वर्षांच्या बाईला हौसेचीसुद्धा दमणूक होते. ‘नको’ म्हणायला जेवढा जोर लागतो, तेवढाही तिच्यात नव्हता. आणि खरं सांगायचं तर, बघायचं तर होतंच. मरायच्या आधी एकदा त्या शिवणीवरून हात फिरवायचा होता. ती आपली शिवण सुटली होती की नाही, एवढंच कळायला हवं होतं.

ती होडी बांधली तेव्हा शेवंती बारा वर्षांची होती. धाकू मेस्त, तिचे बाबा, त्या किनाऱ्यावर होड्या शिवणाऱ्यांतले शेवटचे दोघे-तिघे उरले होते त्यांतले एक. फळीला फळी लावायची, दोन्हींच्या कडांना भोकं पाडायची, सांध्यावर काथ्याचा जाड पेड दाबून बसवायचा आणि भोकांतून दोर ओवत होडी शिवून काढायची. एकही खिळा नाही. ह्या कामाला माणसं दोन लागतात. बाहेरचा माणूस दोर आत घालतो, आतला तो दांडक्याला गुंडाळून ताणून धरतो. बाहेर मेस्त, आत जानू, अशी जोडी होती. त्या श्रावणात रघू तांडेलाची रांपणीची, किनाऱ्यालगत मोठं जाळं टाकायची होडी अर्ध्याहून पुढे शिवून झाली, आणि जानू एका सकाळी उठून मुंबईला गेला. नेव्हीत भरती व्हायचं त्याच्या डोक्यात उन्हाळ्यापासूनच होतं. नारळी पुनव आठ दिवसांवर आलेली. होडी पाण्यात जायलाच हवी होती.

नव्या होडीत, ती दर्याला भेटेपर्यंत, बाईमाणसाने पाय ठेवायचा नाही अशी रीत. बाबांनी झापाची कूड, विणलेल्या झावळ्यांचा आडोसा, चारी बाजूंनी ओढून घेतली आणि शेवंतीला आत बसवलं. तीन दिवस. नाळेकडची, म्हणजे होडीच्या पुढच्या उभ्या लाकडाजवळची, सात हात शिवण राहिली होती, तेवढी तिने आतून ओढली. तळहात सोलवटले. रात्री आई खोबरेल लावायची आणि काही विचारायची नाही.

“वड गो शेवंते,” बाबा बाहेरून म्हणायचे. “घट वडलेलो दोर लाकडाक चावता. सैल दोर भोक खाता.”

ती ओढायची. पायांनी वाकाला, होडीच्या आतल्या लाकडी बरगडीला, रेटा देऊन, डोळे मिटून ओढायची.

पितृपक्षात खाडीच्या तोंडाशी ती होडी पाण्याने भरली आणि उलटली. तिघे गेले: रघू तांडेल, त्याचा भाऊ लाडू आणि तारकर्लीचा एक पांडू. होडी आपली आपण लाटेवर येऊन देवबागच्या वाळूत लागली, आणि फॉस्टिनच्या बापाने ती ओढून आपल्या मांगरात टाकली. मग कोणीतरी म्हणालं, मेस्ताच्या कुडीतून चेडवाचा, म्हणजे पोरीचा, परकर दिसला होता. बस, एवढंच. पुढचं गावाने आपोआप शिवून घेतलं.

बाबांनी तिला परसात नेलं आणि म्हणाले, “गप रव. कोणाक कायएक सांगू नको.” त्यानंतर त्या विषयावर ते बावीस वर्षं, मरेपर्यंत, एक शब्द बोलले नाहीत. होडीही परत शिवली नाही. दारं केली, खाटा केल्या, चर्चची बाकं केली. शेवंतीला वाटलं, बाबांनी आपल्याला पंखाखाली घेतलं. शिवण आपली सुटली, बाबांना ती दिसली, आणि त्यांनी ती आपल्यासाठी गिळली. बाबांच्या शेवटच्या आजारात ती महिनाभर त्यांचे पाय चेपत बसली होती. आता बोलतील, मग बोलतील. बोलले नाहीत.

देवबागात तिला कोणी मागणी घातली नाही. चोविसाव्या वर्षी रेडीच्या एका बिजवराला दिली. माणूस चांगला होता. बंदरावर खनिज भरायच्या कामावर असायचा, घरी आला की लाल धुळीने माखलेला असायचा. त्यालाही तिने काही सांगितलं नाही. दर नारळी पुनवेला मात्र ती समुद्राकडे तोंड करून तीन नावं मनात घ्यायची. सवय लागली होती, जशी तुळशीला पाणी घालायची लागते.

वेंगुर्ला, परुळे करत गाडी मालवणला पोचली तेव्हा अकरा वाजले होते. कार्यक्रम पाचला. विनीताला आधी सगळी शिल्पं बघायची होती, फोटो काढायचे होते. रस्त्यावर पताका, रांगोळ्या, शाळेच्या मुलींचं लेझीम चाललेलं. भंगारातल्या लोखंडाचा मोठा नांगर होता. फायबरची गुराब, जुन्या आरमारातलं लढाऊ जहाज होतं, त्याची शिडं खऱ्या कापडाची. सिमेंटचा एक खलाशी दोरखंड ओढत होता आणि कोणीतरी त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला होता. सातवं शिल्प पांढऱ्या गणवेशातल्या नौसैनिकाचं, ओठांना शिट्टी लावलेलं. शेवंती त्याच्यापुढे जरा थांबली. जानू असाच दिसला असेल. तो परत कधी आला नाही. कोचीनला घर केलं म्हणे.

“दमलात काय, आये?” विनीताने विचारलं.

“दमलंय ता कायमचा,” शेवंती म्हणाली. “चल.”

नववं शिल्प, ती होडी, लाकडी घोड्यांवर, उजवी बाजू वर करून किंचित कलती ठेवली होती. पॉलिश करून काळीभोर, चकचकीत. आणि नाळेपासून मागच्या टोकापर्यंत ती पांढऱ्याशुभ्र नायलॉनच्या दोरीने शिवलेली होती, एकसारखी, रुमालाच्या कडेसारखी.

शेवंतीने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. इतकी वर्षं ती इथवर यायला घाबरली, आणि आली तेव्हा बघायचं तेच नेमकं झाकून टाकलेलं.

शिल्पकार मुलगी रोशेल, फॉस्टिनची नात, गोव्याच्या कला महाविद्यालयात शिकलेली. हात पुसत पुढे आली, वाकून पाया पडली. तिने भराभरा सांगितलं की जुना काथ्या हात लावताच पिठासारखा गळून गेला, आता तसा दोर वळणारं कोणी मिळत नाही, म्हणून हे. चुकलं असेल तर सांगा, म्हणाली. सावलीत खुर्ची टाकून फॉस्टिन बसला होता. ऐंशी उलटलेली, डोक्याला टोपी, हातात काठी. त्याने शेवंतीला ओळखलं, पण उठायच्या आधीच ती होडीकडे वळली होती.

तिने नाळेपासून सात हात मोजले. स्वतःच्या कोपरापासून बोटांपर्यंत, एक एक करत. तिथे वाकावर बाबांनी करवतीने पाडलेली बारीक खूण होती. तिथपर्यंत तुझं, असं सांगताना पाडलेली.

“ह्या काढ गो बाय,” ती रोशेलला म्हणाली. “थोडा काढ. माका लाकूड बगूचा आसा.”

उत्सव समितीचा प्रीतम धावत आला. तो कुडाळच्या कचेरीत असल्यासारखा शुद्ध बोलत होता. आजी, पाच वाजता पाहुणे येणार आहेत, मांडव तयार आहे, कॅमेरे येणार आहेत, आता उसवलं तर परत कधी शिवणार. सगळं बरोबरच होतं त्याचं. शेवंतीने वाद घातला नाही. ती फक्त तिथेच उभी राहिली, एक हात होडीवर ठेवून. थकलेलं माणूस एकदा उभं राहिलं की त्याला हलवणं सोपं नसतं.

रोशेलने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कात्री उचलली.

नायलॉन सळकन निघालं. खालचं लाकूड उघडं पडलं, तशी शेवंतीने चष्मा काढून ठेवला. डोळ्यांचं काम नव्हतं ते. तिने उजव्या हाताचं बोट पहिल्या भोकावर टेकवलं. भोक गोल. भोकापासून फळीच्या कडेपर्यंत एक खाच, करंगळीचं टोक बसेल एवढी खोल. दोर तिथे लाकडाला चावला होता. दुसरं भोक, तशीच खाच. तिसरं. चौथं. पुढे पुढे तर खाच आणखी खोल. तिसऱ्या दिवशी ती रडत रडत ओढत होती, त्या दिवसाची असणार. सात हातांत एकही भोक वेडंवाकडं नव्हतं. एकही खाच उथळ नव्हती.

ती खुणेशी थांबली. मग म्हणाली, “फुडला पण काढ.”

खुणेच्या पलीकडे हातभर सगळं ठीक होतं. मग खाचा उथळ होत गेल्या, आणि होडीच्या मध्यावर नाहीशाच झाल्या. तिथलं लाकूड कडेला गुळगुळीत होतं. भोकं मात्र गोल नव्हती. लांबट झाली होती, कडा झिजलेल्या, आत दोर हलत राहिल्यासारख्या. दोन भोकं तर एकमेकांत मिळायच्या बेतात. ही जानूची बाजू. जानूने आतून, बाबांनी बाहेरून. बाहेरच्याला हाताला कळतं आतला किती ओढतो ते. पुनव जवळ आली होती, जानूचं मन मुंबईला गेलं होतं, आणि सैल दोर हाताला कळूनही बाबांनी पुढचं भोक ओवायला घेतलं होतं.

मागून काठीचा आवाज आला. फॉस्टिन उठून आला होता.

“मेस्त पण असोच बगायचो,” तो म्हणाला.

शेवंतीचं बोट तिथेच राहिलं. “कोण?”

“तुजो बापूस गो. दर वर्साक येवचो, पुनव झाली काय दुसऱ्या दिसाक. नाळेकडसून सुरू करायचो, बोटान एक एक भोक चाचपीत. हय मधी इलो काय थांबायचो. मगे बाहेर येवन पायरेर बसायचो. माजो पाय, म्हणजे माजो बापूस, चा करून देय, पण ता तो कधी घेवचो नाय. आमच्या पायन एकदा इचारलान, जाळून टाकूया काय मेस्तानू, ही लाकडां? तर म्हणालो, नको, रवांदे.”

लेझीम थांबलं होतं. कुठेतरी लाउडस्पीकरवर कोणी एक-दोन-तीन म्हणून माइक तपासत होतं.

शेवंती खुर्चीत बसली. बावीस वर्षं. दर वर्षी एकदा, म्हणजे बावीस वेळा, बाबांच्या बोटाखाली तिची सात हात शिवण गेली होती. तिच्या सोलवटलेल्या हातांच्या खाचा त्यांनी बावीस वेळा मोजल्या होत्या. आणि तिचं लग्न होईपर्यंत दर वेळी घरी येऊन ते तिच्या समोर जेवायला बसले होते. खोटं ते एक अक्षर बोलले नव्हते. फक्त गप रव म्हणाले होते, आणि ती राहिली होती. कोणाला झाकत होतो आपण दोघं, हे तिला आज कळलं.

राग यायला हवा होता. तिने वाट पाहिली, पण तो आला नाही. तेवढी ताकदच कुठे होती. बाबा पायरीवर चहा न घेता बसलेले तेवढे डोळ्यांसमोर आले. मग तीन नावं आली, सवयीने. ह्या वेळी ती नावं घेताना तिला पहिल्यांदाच नुसतं वाईट वाटलं, त्या माणसांबद्दल.

प्रीतम हलक्या आवाजात रोशेलला विचारत होता, आता काय करायचं. फलकावर ‘कारागीर: धाकू मेस्त’ असं छापून झालंय, आजी भाषणात दोन शब्द बोलतील ना, वडिलांबद्दल.

“भाषण माका येणा नाय,” शेवंती म्हणाली. “काथ्याचो दोर आसा काय?”

रोशेलने बाजारात माणूस पाठवला. दोर आला तो शहाळ्यांच्या दुकानात पोती बांधायचा, पातळ. शेवंतीने तो तिपेडी वळून घेतला, मांडीवर, पदर खोचून. हात विसरले नव्हते. दांडका हवा म्हणाली तर रोशेलने हातोडीचा दांडा काढून दिला. मग शेवंतीने चपला काढल्या, होडीच्या काठाला हात लावून तो कपाळाला नेला आणि थांबली. साठ वर्षांपूर्वीची झापाची कूड आता नव्हती. भर दुपार होती, रस्त्यावर माणसं होती, लेझमाच्या मुली सरबत पीत बघत होत्या.

“आये, सांभाळून,” विनीता म्हणाली, आणि तिला काखेत हात घालून आत चढवलं. फोन तिने पिशवीत टाकला होता.

शेवंती नाळेशी बसली. गुडघे कुरकुरले. पाय वाकाला टेकवायला जरा वेळ लागला, तेव्हा ती लहान होती, आता जागा कमी पडत होती.

“भायरसून घाल गो, बाय,” ती म्हणाली.

रोशेलने पहिल्या भोकातून दोर आत सारला. शेवंतीने तो दांड्याला गुंडाळला आणि ओढला. पूर्वीसारखा नाही, पण ओढला. दोर जुन्या खाचेत जाऊन बसला, तिथलाच असल्यासारखा. चार वाजेपर्यंत दीड हात झालं. मध्ये दोनदा पाणी प्यायली, एकदा विनीताने तिच्याऐवजी ओढून दिलं. बाकीचं उद्या, असं प्रीतमनेच कबूल केलं.

रोशेल बाहेरून वाकून म्हणाली, “आजये, उद्या मधला पण नायलॉन काडून काथ्यान शिवया? सगळी होडी एकसारखी दिसात.”

शेवंतीने दांड्याचा दोर सोडवला. तळहात लाल झाले होते, ते तिने पदराला पुसले.

“मधला रवांदे,” ती म्हणाली. “ता माजा न्हय.”