हसऱ्या तोंडाचं बटण

आमच्या संस्थेत परकी भाषा शिकवतात, आणि हल्ली विद्यार्थ्यांचं समाधानही मोजतात. वर्गाच्या दाराशी भिंतीवर एक पेटी बसवली आहे. तिच्यावर तीन बटणं: हसरं तोंड, सरळ तोंड, रडकं तोंड. वर्ग सुटला की जाता जाता आपलं ओळखपत्र टेकवून एक दाबायचं. रडकी तोंडं वाढली की बाईंना वर बोलावणं येतं. बाई म्हणजे मी.

पेटी आणली नव्या गुणवत्ता अधिकाऱ्यांनी. मी त्यांना समाधानराव म्हणते, अर्थात मनातल्या मनात. माणूस वाईट नाही. आवाज मऊ, शर्ट कडक इस्त्रीचा, आणि संस्था जी भाषा शिकवते तिचं एक वाक्य धड येत नाही.

माझी पद्धत जुनी. चूक झाली की टेबलावर डस्टर आपटायचं आणि चुकणाऱ्यानं वाक्य पहिल्यापासून म्हणायचं, बरोबर येईपर्यंत. मुलं मला पाठीमागे ‘हातोडी’ म्हणायची. म्हणोत बापडी. परीक्षकासमोर बसली की घडाघडा बोलायची आणि पास होऊन यायची.

समाधानरावांनी मला आलेख दाखवला. बोलण्याच्या तासाला रडकी तोंडं सर्वांत जास्त. म्हणून नवा नियम निघाला, की बोलणाऱ्याला मध्ये थांबवायचं नाही, चूक काढायची नाही, आधी कौतुक करायचं. माणूस इथून आनंदात बाहेर पडला पाहिजे, असं ते म्हणाले. मी म्हटलं, त्यासाठी बागेत जावं. ते हसले आणि वहीत ‘बाग’ असं लिहून घेतलं. आकडा सुधारला नाही तर माझा वर्ग त्या तरुण मास्तरांकडे जाणार होता, जे चेंडू फेकून शब्द शिकवतात. अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी डस्टर कपाटात ठेवलं.

त्याच वर्गात सिस्टर होती. नर्स, म्हणून सगळे सिस्टरच म्हणायचे. रात्रपाळी करून थेट वर्गात यायची, डोळे लाल, केस मात्र नीट बांधलेले. नवरा नोकरीसाठी परदेशी गेला आणि तिथली शाळा बरी म्हणून लेकीलाही घेऊन गेला. तोंडी परीक्षा पास झाल्याशिवाय हिला तिकडे राहायचा परवाना नव्हता. लेक गेली तेव्हा नुकती नीट बोलायला लागली होती. आता शाळेत जाऊन ती तिकडचीच भाषा बोलते आणि आईची विसरत चालली आहे, हे सिस्टरनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं.

नवा नियम सिस्टरला मानवला. पूर्वी तोंडातून शब्द फुटत नसे, आता धबधबा. वाक्याला ना शेंडा ना बुडखा, पण वर्ग टाळ्या वाजवायचा आणि ती लाजून हसायची. जाताना हसरं तोंड दाबायची, तेही दोनदा.

न राहवून एकदा वर्ग सुटल्यावर तिला थांबवलं. स्पष्टच सांगितलं की हे असं बोललीस तर परीक्षक पहिल्या पाच मिनिटांत परत पाठवतील, रोज अर्धा तास माझ्याजवळ बस, मी थांबवेन, तू पुन्हा म्हण. ती ऐकत राहिली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाली, "बाई, दवाखान्यात सगळे ओरडतात. घरी गेलं तर कुणी नाही. एवढ्या एका ठिकाणी मला बरं वाटतं."

जाताना तिनं हात पुढे केला, मागे घेतला आणि कुठलंच बटण न दाबता गेली. मी वर जाऊन समाधानरावांना म्हटलं, ही बाई नापास होणार आहे. त्यांनी पडद्यावर बघितलं आणि शांतपणे सांगितलं की तुमच्या वर्गात सर्वांत समाधानी तीच आहे. मग तिचा फोटो जाहिरातीत लागला. टाळ्या वाजवणारा वर्ग, मध्ये ती.

ती नापास झाली.

निकालानंतर वर्गात आली तेव्हा तिचा राग माझ्यावर नव्हता, संस्थेवर नव्हता. परीक्षकबाई सारख्या मध्येच तोडत होत्या म्हणे, बोलूच देईनात, तुमच्यासारखं समजून घेणारं कुणी नव्हतं. पुन्हा नाव घालणार आहे आणि तुमच्याच वर्गात, असंही म्हणाली. ते ऐकून मला शिव्या खाल्ल्यासारखं झालं. दुसरीकडे जा, कुणी खडूस मास्तर शोध, असं मी तिला हात जोडून म्हटलं. ती हसली. बाईंना गंमत सुचते आहे असं तिला वाटलं असावं.

मग तिनं फोन काढला. लेकीचा आवाज नवऱ्यानं पाठवला होता, जरा ऐकता का म्हणाली. मी कानाला लावला. पोरीचा आवाज स्वच्छ होता, उच्चार तर असे की माझ्या कुठल्याच विद्यार्थ्याला जमले नसते. मध्येच ती बापाला तिकडच्या भाषेत विचारत होती, आईशी बोलायलाच हवं का, तिला काहीच कळत नाही.

मी फोन खाली ठेवला. सिस्टर माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मला काय समजलं ते सांगते, बाई," ती म्हणाली. "ती म्हणते, आईशी बोलायलाच हवं का. तिला काही कळत नाही."

मी फोन तिच्याकडे सरकवला.

"माझं चुकलंय ना? इतकं सगळं चुकतं माझं. तुम्ही सांगा चुकलं म्हणून. मी रागावणार नाही."

त्या वर्षात तिनं पहिल्यांदा मला चूक काढायला सांगितलं होतं, आणि तिचं एक अक्षरही चुकलं नव्हतं.