आकड्याच्या टोकावरून

मी गेंड्या भुंगा बोलतोय, बाबलीच्या लोखंडी आकड्याच्या टोकावरून. बाबली हा आमच्या वाडीतला माडावर चढणारा पाडेली. माझ्या पोटातून सळी आरपार गेली आहे, तेव्हा थोडक्यात ऐका.

माझा जन्म मालवणच्या किनाऱ्यालगत, जानकीकाकीच्या परसात, एका माडाच्या मुळाशी ओतलेल्या शेणात झाला. लेक अनुजा जन्मली तेव्हा तिची वार पुरून काकीनं त्यावर तो माड लावला होता. पोर पुढे खाडीत बुडाली. तेव्हापासून माड हीच काकीची लेक. लेकीचे लाड म्हणून ती येता-जाता शेणाची पाटी मुळाशी ओतायची. ते कुजकं शेण खाऊन मी गलेलठ्ठ झालो. पंख फुटताच शेंड्यात शिरलो आणि कोवळा कोंब पोखरून रस प्यायलो. पुढे पानं उमलली ती कात्रीनं कापल्यासारखी.

बाबलीनं ती खालून पाहिली. "काकी, आकडो घालून भुंगो काढतंय. नायतर माड जातलो."

"माझ्या चेडवाच्या माथ्यात लोखंड? देवचंय नाय मी!"

मी खूश. पण माझ्या भोकाच्या वासावर सोंड्या भुंग्याची मादी आली. तांबडी, लांब सोंडेची. आम्हाला एका माळेत ओवू नका. आमची पोरं शेणात वाढतात, तिच्या पोरांना शेण चालत नाही. मी पानं फाडतो, माड बहुधा तगून राहतो. ती जखमेत अंडी घालते आणि तिच्या अळ्या जिवंत खोडात राहून त्याचा गाभाच खातात. बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही.

एका संध्याकाळी काकीनं खोडाला कान लावला. आत करकर चालली होती. तिचा चेहरा उजळला. "आयक रे बाबली, माझां चेडू बोलता!"

बाबलीनं कान लावला. त्याला कळायचं ते कळलं, पण तिच्या तोंडाकडे बघून त्यानं नुसती मान डोलावली. माझ्यासारख्या किड्यालाही तिथे थांबवेना. मी शेजारच्या माडावर गेलो.

श्रावणात शेंडा कोसळला. झावळांना मिठी मारून काकी रडली. मग तिनंच बाबलीला सांगितलं, "उरल्या माडांक तरी वाचव रे." असा मी सापडलो.

त्याच जागी काकीनं त्याच माडाच्या नारळाचं रोप लावलंय. ती बघा, शेणाची पाटी घेऊन निघाली. त्या शेणात माझी पिल्लं आहेत. काकी, लांब ओत गो ती पाटी! पण किड्याचं बोलणं तिला कसं ऐकू जावं? रोपाला कुरवाळत ती म्हणतेय, "खा गो बाय, पोटभर खा."