तांबूला उठवू नका

आमच्या कापडे गावात कुणाचं जनावर बसलं की माणसांना बोलवावं लागत नाही. हातातली कापणी टाकून येतात. पोटाखाली गोणपाट घालतात, दोन्ही बाजूंनी बांबू लावतात आणि जनावर उचलून उभं करतात. बसलेलं जनावर गेलंच म्हणून समजा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

त्यामुळे माझी तांबू गोठ्यात बसली आणि उठेना, तेव्हा चुलत सासरे श्रीपतकाका बांबू घेऊन निघालेसुद्धा. मागे शेजारचा सदू आणि आणखी चार जण. नेमका तेव्हाच गुरांच्या डॉक्टर सुम्बुल यांचा महाडहून फोन आला. आदल्या दिवशी त्यांनी तांबूचं रक्त तपासायला नेलं होतं.

“मंजुळाताई, गोचिडांमुळे होणारा आजार आहे. गोचीड चावली की जंतू आत जातात आणि रक्तातल्या लाल पेशींत घर करतात. पेशी मरत चालल्यात. गाय कशी आहे?”

“बसलीय.”

“बसू दे. तिला उठवू नका. अंगात रक्तच उरलेलं नाही. उभी करताना धडपडली तर जागच्या जागी जाईल. मी निघालेय.”

तांबू मला आईने दिलेली. लग्नानंतर माहेरी गेले तेव्हा तिने या वासरीचं दावं माझ्या हातात ठेवलं, आणि पुढच्याच वर्षी आई गेली. तांबू गेली की माहेर संपलं, दुसरं काही नाही.

मी गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिले. नवरा, नागसेन, बिरवाडीला कंपनीत. आत फोन नेऊ देत नाहीत. जे काय करायचं ते मलाच करायचं होतं.

“बाजूला हो गो,” काका म्हणाले.

“तिला हात लावायचा नाही, काका. डॉक्टरांनी सांगितलंय.”

“डाक्टरीन महाडात बसून बघते काय? राहीबाईची म्हस कोनी उठवली? मीच ना? जगली का नाय?”

जगली होती. खोटं कशाला बोलू? पण ती म्हैस विऊन थकली होती, आणि माझ्या तांबूच्या हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. हे ऐकून घ्यायला कुणाला दम होता? सदू माझ्या बगलेखालून आत घुसायला लागला. गलक्याने तांबू बिथरली, मान टाकून फुसफुसायला लागली. माझं डोकं सटकलं. आढ्याला खोचलेला कोयता मी हातात घेतला.

“पाऊल टाकलंत तर बघा!”

सगळे मागे सरले. काकांनी बांबू खाली टाकला.

“बरं. तुझ्या अंगनात परत पाय ठेवनार नाय मी. उद्या घरात कोन गेलं तर खांद्याला पन तुझी डाक्टरीनच बोलव.”

ते गेले. मी तांबूचे डोळे पदराने झाकले आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तिचं काळीज माझ्या हाताला धाडधाड लागत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. काका चुकत असले तरी परके नव्हते.

डॉक्टर आल्या, डोळ्याची आतली कड पाहिली आणि म्हणाल्या, “औषध देते, पण ते काम करेपर्यंत ही टिकणार नाही. रक्त द्यावं लागेल. धडधाकट बैल आहे कुणाचा? अंगावर गोचीड नसलेला?”

कापड्यात असा एकच बैल होता, काकांचा. ते रोज त्याच्या अंगावरून हात फिरवून गोचीड वेचायचे.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे गाढव मीच होते, म्हणून पाय धरताना लाज वाटली नाही. काका उठले. बैल सोडला, माझ्या कुंपणापर्यंत आणला आणि दावं माझ्या हातात दिलं.

“बैल जाईल. मी नाय.”

डॉक्टरांनी त्याच्या अंगावर सगळीकडे बोटं फिरवली. औषधालाही गोचीड सापडली नाही. पण मानेला सुई लागताच तो उसळला. मी फरफटत गेले. आत तांबू धडपडायला लागली.

“धरा त्याला! गाय जाईल!” डॉक्टर ओरडल्या.

काका कुंपण ओलांडून कधी आले ते मला दिसलंच नाही. बैलाच्या गळ्यात हात टाकून ते त्याच्या कानाशी पुटपुटत राहिले. बैल थांबला. पिशवी भरत गेली.

ते रक्त थेंब थेंब तांबूच्या अंगात गेलं. उन्हं कलली तेव्हा तिचे कान हलले. मग तिने पुढच्या गुडघ्यांवर भार घेतला आणि मागचं अंग उचललं. लटपटली. कुंपणापलीकडून सदू बांबू घेऊन धावला.

“थांब रे!” काका गरजले. “कोनी हात लावायचा नाय. तिची ती उठंल.”

त्यांचे स्वतःचे हात मात्र पुढे गेले होते. त्यांनी ते मागे घेतले आणि पाठीशी एकमेकांत घट्ट धरून ठेवले. तांबू पुन्हा बसली. काकांनी डोळे मिटले, पण हात सोडले नाहीत. दुसऱ्या खेपेला ती चारी पायांवर उभी राहिली.

बैल घेऊन निघताना काका माझ्याकडे न बघता म्हणाले, “खांद्याचं बोललो ते मनात ठेवू नको, पोरी. माझ्या वेळेला नागसेनच पुढं पायजे.”

मी चहाच्या निमित्ताने आत गेले आणि चुलीपाशी बसून पोटभर रडले.