लॅमिनेशनमधून सुटलेली डिग्री

अहो, जरा कडेनं धरा मला. अंगठा मधोमध नको. हां, असं! मी एक डिग्री आहे. विज्ञान शाखेची, रसायनशास्त्राची, प्रथम श्रेणीची. या तिन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, त्याला मी तरी काय करणार?

माझा जन्म विद्यापीठाच्या छापखान्यातला. जाड पिवळसर कागद, वर सोनेरी बोधचिन्ह, खाली कुलगुरूंची सही. मधली एक ओळ तेवढी कोरी होती. तिथं एका कारकुनानं काळ्या शाईनं एका मुलीचं नाव लिहिलं आणि मी तिची झाले. पदवीदानाच्या दिवशी ती भाड्याचा झगा घालून आली. झगा चांगला चार बोटं लांब होता. पायऱ्या उतरताना तो पायात आला, ती धडपडली, चप्पल एकीकडे गेली, पण मला काही तिनं सोडलं नाही. मला ती तेव्हाच आवडली.

घरी तिच्या बाबांनी मला लगेच हातात घेतलं नाही. आधी साबणानं हात धुतले, पुसले आणि पुन्हा धुतले. बाबा एका शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होते. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी परीक्षानळ्या विसळल्या, ब्यूरेट भरून ठेवल्या. त्यांचं स्वतःचं शिक्षण मात्र सातवीतच सुटलं होतं. त्या घरात आलेली पहिली डिग्री म्हणजे मी. बाबा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हिला काही होता कामा नये."

तिथंच सगळा घोळ झाला.

बाबांना लॅमिनेशनचं भारी वेड. विजेचं बिल लॅमिनेट, लसीकरणाचं कार्ड लॅमिनेट. एकदा तर त्यांनी आईची वाणसामानाची यादीसुद्धा लॅमिनेट करून आणली होती. "अहो, पुढच्या महिन्यात यादी बदलेल ना!" असं आई कपाळाला हात लावून म्हणाली, तर हे म्हणाले, "मीठ आणि साखर तर बदलत नाही?" गल्लीत त्यांना प्लास्टिककाका म्हणायचे ते उगाच नाही.

दुसऱ्याच दिवशी मला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात नेलं. दोन तापलेल्या रुळांमधून मला आत ढकललं. अंगाची नुसती लाही लाही झाली हो! बाहेर आले ती चकचकीत, ताठ आणि दोन्ही अंगांनी बंद. बाबा मला उन्हात धरून कौतुकानं हसत होते, म्हणून मी ते सोसलं.

पुढची अकरा वर्षं मी कपाटातल्या फाइलमध्ये काढली. माझी मालकीण दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत लागली. रोज तेच नमुने आणि तोच तक्ता. तिचं मन होतं पाण्यात. पिण्याच्या पाण्यात काय काय घातक मिसळलेलं असतं, ते शोधून काढायचं होतं तिला. तसं काम दूर एका परक्या देशात होतं. तिथं कुशल माणसांना वय, शिक्षण, अनुभव यांचे गुण मोजून व्हिसा मिळत होता आणि त्यांच्या यादीत रसायनशास्त्रज्ञ होते. अट एकच. तिथल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेनं मला तपासायचं आणि मी त्यांच्याकडच्या डिग्रीच्या तोडीची आहे असं लिहून द्यायचं.

मला तपासणार? प्रथम श्रेणी इतकं ठसठशीत लिहिलेलं दिसत नाही का? मला आधी रागच आला. पण तिची धडपड बघून तो गेला. गुणपत्रिका, तीन वर्षांचा अभ्यासक्रम, कुठल्या विषयाची किती तास प्रात्यक्षिकं, डेअरीतल्या साहेबांचं पत्र, सगळं तिनं एकेक करून जमवलं. कपाटाच्या दारावर यादी चिकटवली आणि एकेका ओळीपुढे बरोबरची खूण करत गेली.

मग परिषदेची मेल आली. मूळ डिग्रीच्या पाठीवर विद्यापीठाचा पडताळणीचा शिक्का आणि सही हवी. मुदत अठ्ठावीस दिवस, नाहीतर अर्ज बंद. पुन्हा अर्ज करायची सोय नव्हती, कारण दोन महिन्यांनी तिला तेहतीस वर्षं पूर्ण होणार होती. मग वयाचे गुण कमी झाले असते आणि तेवढ्यानंच व्हिसा हुकला असता.

विद्यापीठातल्या शिक्केवाल्या बाईंनी मला उलटं केलं, सुलटं केलं आणि चष्मा वर सरकवला. "अगं, शिक्का मारू कुठं? प्लास्टिकवर शाई टिकते का?"

"दुसरी प्रत मिळेल?"

"मिळेल की. चार महिन्यांनी."

घरी तिनं हे सांगितलं आणि बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. ते जेवलेच नाहीत. ताटावर बसून म्हणाले, "मीच तुझ्या आडवा आलो गं." त्या माणसाला असं बोलताना ऐकून माझ्या जिवाला फार लागलं.

"बाबा, मी केमिस्ट आहे," ती म्हणाली. "एवढं प्लास्टिक काढता आलं नाही, तर ती डिग्री घेऊन करायचंय काय?"

वाक्य मोठं झोकात होतं, पण प्रयोग माझ्यावर होणार होता ना!

"आधी दुसऱ्या कशावर तरी करून बघू," असं ती म्हणताच बाबा उठले आणि भिंतीवरून स्वतःचं प्रशस्तिपत्र काढून घेऊन आले. शाळेनं निवृत्तीच्या वेळी दिलेलं, 'उत्कृष्ट सेवक'. त्यांना आयुष्यात मिळालेलं एकमेव. अर्थातच लॅमिनेट केलेलं.

"नको बाबा."

"गप गं. प्रयोग आधी नमुन्यावर करायचा, हे मी मुलांना तीस वर्षं ऐकवलंय."

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली. आईनं पंखा बंद केला आणि फोनही. मालकिणीनं प्रशस्तिपत्राच्या खालच्या कोपऱ्यात प्लास्टिक कापून कापसानं चिकटा विरघळवणारं ॲसिटोन लावलं. प्लास्टिक ढिम्म हललं नाही. ॲसिटोन मात्र कडेनं आत झिरपलं आणि मुख्याध्यापकांची सही निळं पाणी होऊन वाहून गेली.

मग बाबाच खुदकन हसले. "जाऊ दे. रजेच्या अर्जावर त्यांनी कधी वेळेवर सही केली नव्हती."

आई इतकी हसली की तिला बाहेर जाऊन बसावं लागलं.

मग मालकीण ऊब देऊन बघायला लागली. वर सुती कापड, त्यावर कोमट इस्त्री आणि चिकटा मऊ पडला की पातळ पात्यानं केसभर उचलायचं. प्रशस्तिपत्राची उरलेली बाजू अलगद सुटली आणि माझी पाळी आली.

सांगते, मी जाम घाबरले होते. माझ्यावरचं नाव हातानं लिहिलेलं. ते प्लास्टिकबरोबर निघून आलं असतं तर मी कोणाची राहिले असते? ती इस्त्री फिरवत होती, बाबा सुटलेली कड धरून होते. काचेची नळी कधी न फोडलेले हात ते, जराही थरथरले नाहीत. "हळू... अजून ऊब दे... थांब... आता घे." चहा दोनदा गार झाला. वरचा एक कोपरा नखाएवढा फाटला. पण दीड वाजता मी सुटले. पाठीला वारा लागला! अकरा वर्षांनी! मला तर नाचावंसं वाटत होतं.

सोमवारी बाबाही बरोबर आले. शिक्केवाल्या बाईंनी फाटक्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे काय?"

"चूक माझी आहे, बाई," बाबा पुढं होऊन म्हणाले. "लॅमिनेशन मीच केलं होतं."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, रजिस्टर काढलं, नाव आणि क्रमांक ताडून पाहिला. मग हळूच म्हणाल्या, "मीही आमच्या मुलाचा जन्मदाखला लॅमिनेट केलाय. कुणाला सांगू नका." आणि माझ्या पाठीवर ठप्पकन शिक्का बसला. मुदतीचे नऊ दिवस शिल्लक होते.

महिन्याभरात परिषदेचा निकाल आला. मालकीण मोबाइलवर वाचत होती आणि आई तिच्या खांद्यावरून बघत होती. "समकक्ष म्हणजे काय गं? पास की नापास?"

"पास, आई! पास!"

बाबा जिन्यात जाऊन ओरडले, "आमची डिग्री पास झाली!" खालच्या मजल्यावरच्या काकूंना वाटलं, यांनीच या वयात परीक्षा दिली. यथावकाश व्हिसाही आला.

तुम्हाला एवढंच सांगते, आमच्यावर खुशाल जीव लावा, पण आम्हाला श्वास घेऊ द्या. साध्या फाइलमध्ये ठेवलंत तरी आम्ही सुखानं राहतो.

आज सकाळी सामान बांधून झालं. गाडी दाराशी आली. मी तिच्या हातपिशवीत होते. बाबा म्हणाले, "एकदा दे बघू तिला." आज ते हात धुवायला गेले नाहीत. मला मांडीवर घेतलं आणि मधल्या ओळीवरून बोट फिरवलं. जाड शाई होती ती, कागदावर किंचित उठलेली.

"अगं, तुझं नाव हाताला लागतंय," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले आणि ते हसतही होते. त्यांनी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग उठून मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "जा आता. उशीर होईल."