रिकामा रस्ता

आमच्या ह्यांनी तिकडे चाळीस वर्षं बस हाकली, ही गोष्ट एव्हाना इथल्या भिंतींनाही पाठ झाली असेल. मुलीकडे परदेशात राहायला आलो त्याला आठ महिने झाले. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, एवढाच काय तो फरक, असं ह्यांचं म्हणणं. मुलीला ते पटेना. तिची कामाची पाळी बदलणार होती आणि नातीला सकाळी शाळेत सोडायला कुणीतरी हवं होतं.

"बाबा, आधी वर्ग पुरा करा, मगच ती तुमच्या गाडीत बसेल," तिने स्पष्ट सांगितलं.

वर्ग म्हणजे बाहेरून आलेल्या वयस्क चालकांसाठी चार शनिवार. एकटे गेले असते तर पहिल्याच दिवशी भांडून आले असते, म्हणून मीही सोबत. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बारा म्हातारे, आणि प्रत्येकाला वाटतंय की हा वर्ग उरलेल्या अकरा जणांसाठी आहे. ह्यांनी हाताची घडी घातली ती चारही शनिवार सोडली नाही.

शिकवणारी तिशीतली, आपलीच भाषा बोलणारी. "गर्दीत तुम्ही चुकणार नाही," ती म्हणाली. "पुढची गाडी बघून आपण बरोबर जातो. चुकाल ते रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल भरून बाहेर पडताना. हात जुन्या सवयीने वळतात. शेजारी बसणाऱ्याने दर वळणाला मोठ्याने म्हणायचं, उजवी बाजू."

"रिकाम्या रस्त्यावर चुकायला मी आंधळा आहे का?" हे माझ्या कानाशी कुजबुजले. "कालची पोर."

गर्वाचं घर खाली, मी मनात म्हटलं. पण दर वळणाला पोपटपंची करायला मी तरी कुठे रिकामटेकडी होते?

वर्ग संपला. रविवारी सकाळी शाळेचा रस्ता बघून यायला आम्ही दोघं निघालो. पेट्रोल भरलं. रस्त्यावर चिटपाखरूही नव्हतं. हे डाव्या बाजूने खुशाल निघाले आणि मी लोकांच्या बागा बघत बसले. समोरून दुधाचा ट्रक आला नि करकचून थांबला. ह्यांनी हॉर्न दाबला.

"बघ, कसा चुकीच्या बाजूने येतोय."

"अक्कल गहाण टाकलीय मेल्याने," मी म्हणाले.

ट्रकवाला उतरला. आम्हाला बघून त्याने शिवीसुद्धा दिली नाही. गुरांना हाकतात तसा हात हलवून त्याने पलीकडची बाजू दाखवली. तेव्हा कुठे आम्हाला कळलं. ह्यांनी गाडी पलीकडे घेतली.

घराच्या दारात हे म्हणाले, "पोरीला सांगू नकोस."

संध्याकाळी मुलगी कामावरून आली. "मग बाबा, उद्यापासून सोडाल ना तिला?"

हे माझ्याकडे बघू लागले. ह्यांच्या चुकांवर पांघरूण घालण्यात माझा जन्म गेला.

"नाही सोडणार," मी म्हणाले, आणि दुधाच्या ट्रकसकट सगळं सांगितलं.

मुलगी बाबांना सोडून माझ्याकडे वळली. "आई, तू शेजारीच होतीस ना? तुला दिसलं नाही?"

ह्यांच्या गर्वावर मला तासभर बोलता आलं असतं.

"दिसत होतं," मी म्हणाले. "मलाही ते बरोबरच वाटलं."